ध्यानाची सुरुवात: दहा मिनिटं बसायचं, पण बसून नेमकं काय करायचं?

चाफेकळी:

नमस्कार मंडळी. ध्यानाला बसायची सवय लावून घ्यायची आहे. पण जो तो "डोळे मिटा, शांत बसा, श्वास बघा" एवढंच सांगून मोकळा होतो. बसल्यावर काय करायचं, चुकतंय हे कसं ओळखायचं, ते कुणी सांगत नाही. म्हणून हा धागा.

माझ्या अडचणी अशा:

– पाटावर मांडी घालून बसते. थोड्याच वेळात उजव्या पायाला मुंग्या येतात, मग पाय बधिर होतो. भिंतीला टेकलं तर चालेल का?

– श्वासाकडे लक्ष गेलं की तो आपोआप चालेनासा होतो. मीच तो ओढते-सोडते आहे असं वाटतं आणि जीव घाबरा होतो.

– विचार थांबत नाहीत. ते थांबेपर्यंत ध्यान झालं असं म्हणायचंच नाही का?

– घर दोन खोल्यांचं. सकाळी कुकर, रेडिओ, जिन्यातली वर्दळ. शांत वेळ मिळतच नाही.

– सासूबाई म्हणतात, हे कशाला, नामस्मरण कर. मैत्रीण म्हणते, सरळ इगतपुरीच्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला जा.

वय ४४, गुडघे-पाठ ठीक, कुठलंही औषध चालू नाही. जाणकारांनी जरा तपशिलात सांगावं.

गवतीचहा:

आधी पायाचं बघू. शरीराची तक्रार चालू असताना मनाकडे लक्ष देता येत नाही, आणि नवखी माणसं ध्यान सोडतात त्यातली बरीचशी विचारांमुळे नाही, चुकीच्या बैठकीमुळे सोडतात.

पाट जेवायला बसायला ठीक, ध्यानाला नाही. तो कठीण असतो आणि त्याची कड मांडीच्या मागच्या बाजूला रुतते. तिथून पायाकडे जाणारी मोठी नस दबते. दुसरी एक नस गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, खालच्या हाडाच्या गोल टोकाजवळ अगदी कातडीखालून जाते. मांडी घातल्यावर ती जमिनीवर किंवा दुसऱ्या पायावर दाबली जाते. आपण म्हणतो "रक्त थांबलं", पण बहुतेक वेळा दबलेली असते ती नस.

म्हणून बैठक अशी करा. खाली सतरंजी किंवा घोंगडी दुहेरी अंथरा, म्हणजे घोट्याची हाडं टोचणार नाहीत. त्यावर सोलापुरी चादरी घट्ट घड्या घालून ४ ते ६ इंच उंच रचा. झोपायची उशी घेऊ नका. ती बसल्यावर निम्मी दबते आणि कंबर मागे कलंडते. या घडीवर पूर्ण मागे सरकून बसायचं नाही. पुढच्या एक तृतीयांश भागावर बूड ठेवायचं, मांड्या घडीच्या बाहेर, खाली उतरत्या. दोन्ही गुडघे कमरेपेक्षा खाली आणि जमिनीला टेकलेले हवेत. टेकत नसतील तर उंची एकेका घडीने वाढवा. तरीही एक गुडघा अधांतरी राहिला तर त्याखाली टॉवेलची गुंडाळी द्या. लोंबकळता गुडघा अख्खी पाठ तिरकी करतो.

एक पाय दुसऱ्यावर चढवू नका. दोन्ही पोटऱ्या जमिनीवर, एक टाच आत, दुसरा पाय तिच्या पुढ्यात. पद्मासनाचा हट्ट नको. खुब्याचा सांधा पुरेसा फिरत नसताना पाय ओढून वर बसवला की सगळा पीळ गुडघ्यावर येतो, आणि ते दुखणं महिनोन्‌महिने रेंगाळतं.

आता पाठ. एकदा कमरेतून पुढे वाका, बूड किंचित मागे सरकवा आणि तसंच सावकाश सरळ व्हा. कमरेचा नैसर्गिक बाक परत येतो. छाती फुगवायची नाही. हनुवटी किंचित आत, दातांवर दात दाबलेले नकोत. हात पुढे ताणून गुडघ्यांवर ठेवले की खांदे ओढले जातात, म्हणून ते शरीराजवळ, मांडीवर. भिंतीला पूर्ण पाठ टेकली की सुस्ती येते. टेकू हवाच असेल तर फक्त कमरेमागे घडी केलेला टॉवेल ठेवा. पतंजलींनी आसनासाठी दोनच अटी घातल्या आहेत, स्थिर आणि सुखकर. दोन्ही एकदम हव्यात.

नुसत्या मुंग्या असतील तर थोडा वेळ त्यांच्याकडेच लक्ष द्या. पाय खरंच बधिर झाला तर हलवा, संकोच नको. मात्र उठताना संवेदना पूर्ण परत आल्याशिवाय पाऊल टाकू नका. बधिर पायाचा घोटा मुरगळतो.

आता त्या दहा मिनिटांबद्दल.

मोबाइल फ्लाइट मोडवर, १० मिनिटांचा टायमर, आवाज सौम्य. कर्कश अलार्म लावला तर शेवटची दोन मिनिटं त्याच्या धास्तीत जातात. कपडे कमरेला सैल, नाडी किंवा बेल्ट काचत असेल तर पोटाची हालचाल अडते. पहिलं मिनिटभर श्वासाकडे जाऊच नका. बूड, गुडघे, घोटे जिथे टेकले आहेत तिथला दाब जाणवून घ्या. मग कपाळ, जबडा, खांदे, पोट या क्रमाने सैल सोडा. पोट आपण दिवसभर आत ओढून वावरतो, त्याला जरा जास्त वेळ द्या.

मग श्वासासाठी एक जागा ठरवा. नाकपुड्यांच्या कडा आणि वरचा ओठ, नाहीतर पोट. त्या बैठकीपुरती जागा बदलायची नाही. श्वास आत येतो, जाणवतो. बाहेर गेला की मनात "एक". पुढचा बाहेर गेला की "दोन". दहापर्यंत जायचं आणि पुन्हा एकपासून. श्वास आधी, आकडा नंतर; आकड्याच्या तालावर श्वास चालवायचा नाही. दहाच का? बौद्ध भाष्यकार बुद्धघोषांनी पाचव्या शतकात विसुद्धिमग्ग या पाली ग्रंथात ही मर्यादा घालून दिली आहे. पाचाच्या आत थांबलं तर कोंडवाड्यात कोंबलेल्या गुरांसारखी मनाची चलबिचल होते, आणि दहाच्या पुढे गेलं तर मन श्वास सोडून आकड्यालाच धरून बसतं, असं कारणही त्यांनी दिलं आहे. आजही ते तंतोतंत लागू पडतं.

मोजताना तीन प्रकारे घसरायला होतं. मध्येच आकडा हरवतो. किंवा दहा मागे टाकून सतरा-अठरापर्यंत पोचल्याचं लक्षात येतं. या दोन्हींत काही न बोलता एकपासून. तिसरा प्रकार फसवा: आकडे बिनचूक चालू राहतात आणि त्यांच्या मागे महिन्याचा हिशोबही चालू राहतो. असं झालं तर काही फेऱ्या उलट्या मोजा, दहापासून एकपर्यंत. यंत्रवत मोजणी तिथे मोडते.

विचारांबद्दल. ते थांबवायचे नाहीतच. "अरेच्चा, मी भलतीकडेच होते" हे ध्यानात येतं तो क्षण धरायचा. तो क्षण तुम्ही ठरवून आणू शकत नाही, आपला आपण येतो. पण त्यानंतर काय करायचं ते तुमच्या हातात आहे. जे चालू होतं त्याची एका शब्दात नोंद घ्या: आठवण, बेत, आवाज, खाज. जबडा आणि खांदे आवळले असतील तर सैल सोडा. पुढच्या उच्छ्वासाला "एक". दहा मिनिटांत असं पन्नास वेळा झालं तर पन्नास वेळा सराव झाला. स्वतःवर चिडलात तर तो आणखी एक विचार. नोंद "चीड", आणि परत. "एवढा विचार पुरा करून मग येते" हा मोह सगळ्यांत मोठा, तिथे जरा कठोर राहा. गॅस खरोखर चालू राहिला असेल तर उठून बंद करा, बाकी कुठलंही काम दहा मिनिटं थांबतं.

खाज आली तर लगेच हात नेऊ नका, दोन-तीन श्वास ती कशी वाढते-ओसरते ते पाहा. डास असतील तर खुशाल मच्छरदाणीत बसा.

वेळ म्हणाल तर पहिले दोन आठवडे दहाच मिनिटं. एखाद्या दिवशी छान लागलं तरी वाढवायची नाहीत, कारण दुसऱ्या दिवशी तीच अपेक्षा घेऊन बसलं जातं. मग १५, त्यानंतर २०. सकाळी दात घासल्यावर, चहाच्या आधी, अशी एखाद्या ठरलेल्या कामाला जोडलेली वेळ टिकते. भरल्या पोटी नको, जेवणानंतर दोन तास तरी जाऊ द्या.

सह्यवेडा:

वरचा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे. श्वासाच्या अडचणीवर थोडी भर घालतो.

श्वसन हे शरीरातलं असं काम आहे की ते आपोआपही चालतं आणि इच्छेनेही चालवता येतं. लक्ष गेलं की इच्छा त्यात हात घालते. जवळपास प्रत्येक नवख्याला हा अनुभव येतो, त्यात तुमचं काही बिघडलेलं नाही. जीव घाबरा होतो तो मात्र हवा कमी पडते म्हणून नाही, उलट आहे. नकळत गरजेपेक्षा मोठे श्वास घेतले जातात, रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, त्याने गरगरल्यासारखं होतं, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, आणि दम पुरत नाही अशी भावना होते. मग माणूस आणखी मोठा श्वास घेतो आणि त्रास वाढतो.

यावर उपाय या क्रमाने करून बघा. पहिला: आत येणारा श्वास सोडून द्या, फक्त बाहेर जाणाऱ्यावर लक्ष ठेवा. श्वास आत घेताना स्नायूंना काम करावं लागतं, सोडताना ते नुसते सैल होतात, त्यामुळे तिथे ढवळाढवळ कमी होते. दुसरा: उच्छ्वास संपल्यावर एक लहानशी थांब असते. तिथे पुढच्या श्वासाला बोलावू नका, तो कधी येतो ते बघा. येतोच. तिसरा: नाक सोडा आणि पोटावर तळहात ठेवून हाताचं वर-खाली होणं जाणा. लक्ष हाताला चिकटलं की श्वासावरची पकड सुटते.

हे तिन्ही करूनही घुसमट राहिली तर सरळ आवाजांचं ध्यान करा. तुमचा घरातल्या गोंगाटाचा प्रश्नही त्यातच सुटतो. डोळे मिटून सगळ्यात लांबचा आवाज शोधा, मग सगळ्यात जवळचा, आणि त्यानंतर जो येईल तो. कुकरची शिट्टी झाली तर ती सुरू झाली, वाढली, विरली, एवढंच. "कुणाचा कुकर, डाळ की भात, किती शिट्ट्या झाल्या" हे सुरू झालं की ऐकणं संपून विचार सुरू झाला. नोंद घ्या आणि परत कानाकडे या. कानात बोळे घालून शांतता करायला जाऊ नका, मग नाडीचे ठोके आणि स्वतःचा श्वास डोक्यात घुमतो आणि तुमची मूळ अडचण दुप्पट होते.

दोन बारीक गोष्टी. एकाच नाकपुडीतून हवा जाते म्हणून पुष्कळजण घाबरतात. नाकाच्या आतलं अस्तर आळीपाळीने एका बाजूला सुजतं, दुसऱ्या बाजूला ओसरतं, आणि काही तासांनी बाजू बदलते. हे निरोगी नाकात चालूच असतं. जी उघडी असेल तिथे लक्ष ठेवा. आणि श्वास इतका मंद झाला की सापडेनासा झाला, तर मुद्दाम दोन-तीन श्वास जरा जोरात घ्या, मग सोडून द्या.

प्राणायाम करत असाल तर तो ध्यानात मिसळू नका. प्राणायामात श्वास बदलायचा असतो, इथे तो आहे तसा राहू द्यायचा असतो. आधी प्राणायाम, मग दोन मिनिटं नुसतं बसणं, मग ध्यान, असा क्रम ठेवा.

तुळशीकट्टा:

नामस्मरणाबद्दल लिहिते. सासूबाईंचं म्हणणं अजिबात मोडीत काढू नका. ज्यांना श्वासाने घुसमटतं त्यांच्यासाठी जप हा जुना आणि भक्कम मार्ग आहे.

फरक एवढाच की श्वासाच्या ध्यानात जे आपोआप घडतंय ते पाहायचं असतं, आणि जपात तुम्ही स्वतः काहीतरी करत राहता. मन फार उधळलेलं असताना करत राहणं सोपं जातं. जपाच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत: वाचिक, म्हणजे ऐकू येईल असा, उपांशु, म्हणजे ओठ हलतात पण आवाज नाही, आणि मानस. नवखी माणसं थेट मानस जपाला जातात आणि दोन मिनिटांत नाम एकीकडे, मन दुसरीकडे होतं. वाचिकापासून सुरुवात करा, नाम स्वतःच्या कानांनी ऐका. ते स्थिर झालं की ओठांवर, मग मनात.

माळ १०८ मण्यांची. मधल्या बोटावर धरून अंगठ्याने मणी ओढायचा, तर्जनी लावायची नाही, मेरुमणी, म्हणजे माळेच्या जोडावरचा मुख्य मणी, ओलांडायचा नाही, तिथून माळ उलटी फिरवायची. "रामकृष्णहरी" सावकाश म्हटलं तर एका माळेला साधारण पाच मिनिटं लागतात. दोन माळा म्हणजे तुमची दहा मिनिटं, टायमरची गरजच नाही.

चुकतं कुठे? वेग वाढतो. मणी पटापट सरकतात, शब्द गिळले जातात, आणि किती माळा झाल्या यालाच महत्त्व येतं. वेग वाढलेला जाणवला की पुन्हा वाचिकावर या, आपोआप लगाम लागतो. जप आणि श्वास एकाच बैठकीत आलटून-पालटून करू नका. कंटाळा आला की बदल, अशी सवय लागते. महिनाभर एक काहीतरी करा, मग ठरवा.

चाफेकळी:

किती नेमकं लिहिलंत सगळ्यांनी! चादरींची बैठक केली, पाय एकदम बरा आहे. श्वासासाठी पोटावर हात ठेवायचा उपाय लागू पडला.

आता नव्या शंका. नाकपुड्यांपाशी लक्ष ठेवलं की भुवयांच्या मध्ये ताण येतो, उठल्यावर डोकं जड. रात्री बसून पाहिलं तर पेंग येते, आणि पेंगताना मध्येच अंग दचकतं. हे काही विशेष असतं का?

गवतीचहा:

कपाळाचं कारण डोळे आहेत. पापण्या मिटल्या तरी बुबुळं नाकाच्या शेंड्याकडे वळतात, जणू तिथलं काही बघायचं आहे. ते स्नायू दहा मिनिटं आखडून राहिले की भुवयांमध्ये ताण आणि मग डोकं जड. बसल्यावर मिटल्या डोळ्यांनी समोर दोन-तीन हातांवरच्या जमिनीकडे पाहिल्यासारखी नजर खाली सोडा आणि ती तिथेच राहू द्या. श्वास जाणायचा आहे तो कातडीने. दर काही श्वासांनी डोळे तपासा, ते पुन्हा पुन्हा वर चढतील. तरीही ताण आला तर काही आठवडे पोटाकडेच राहा.

पेंग आली तर आधी झोपेचा हिशोब करा. झोप अपुरी असेल तर ती पुरी करा, ध्यानाने झोपेची भरपाई होत नाही. झोप पुरेशी असूनही पेंग येत असेल तर कारण बहुधा रात्रीची वेळ, भरलेलं पोट किंवा मागे कललेली कंबर. पेंग येताना पाठ आधी ढिली पडते आणि हनुवटी खाली येते, त्यामुळे पहिला उपाय पाठीचाच: पुन्हा कमरेतून सरळ व्हा. मग डोळे अर्धे उघडा. तेवढ्याने भागलं नाही तर उभ्याने करा, पावलं खांद्यांइतक्या अंतरावर, गुडघे न ताणता.

किंवा चालून करा. घरात किंवा गच्चीवर १०–१५ पावलांची सरळ वाट पुरते. नेहमीच्या निम्म्या वेगाने चाला. पाऊल उचललं, पुढे नेलं, टेकवलं, या तीन गोष्टी तळपायात जाणा. नजर चार-पाच हात पुढे जमिनीवर, पायांकडे बघायचं नाही, तोल जातो. टोकाला पोचल्यावर थांबा, एक श्वास, वळा. वळतानाच मन सटकतं, म्हणून तिथली ही थांब गाळू नका. पेंगेइतकंच हे अस्वस्थपणावरही चालतं. ज्यांना बसवतच नाही त्यांनी सुरुवातच इथून करावी.

दचकणं बहुधा झोपेच्या उंबरठ्यावरचा स्नायूंचा हिसका आहे, अंथरुणात डोळा लागताना बसतो तोच. योगसूत्रांत चित्त विखुरलेलं असल्याच्या खुणा सांगताना अंग कापणं आणि श्वासाची अनियमितता या दोन्ही एकत्र दिल्या आहेत, म्हणजे तक्रार जुनी आहे. मिटल्या डोळ्यांसमोर रंग, ठिपके, अंग मोठं किंवा हलकं झाल्याचा भास, हेही होतं. कुणी त्याला मोठी अवस्था म्हणेल, विश्वास ठेवू नका. नोंद घ्या आणि पुढच्या श्वासाला "एक". मात्र हिसक्यांबरोबर भान हरपत असेल, किंवा दिवसा एरवीही होत असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

पायवाट:

इगतपुरीचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. धम्मगिरी हे तिथलं केंद्र १९७६ पासून चालू आहे. तिथली पद्धत शिकवणारे सत्यनारायण गोयंका मूळचे ब्रह्मदेशातले. तिथे विपश्यनेचे आचार्य सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे शिकून ते १९६९ मध्ये भारतात आले आणि शिबिरं घ्यायला लागले. राहणं, जेवण, शिकवणं, कशालाही शुल्क नाही. देणगीसुद्धा फक्त शिबिर पूर्ण केलेल्यांकडूनच घेतात.

दिवस पहाटे ४ च्या घंटेने सुरू होतो, ४:३० ला पहिली बैठक, रात्री ९:३० ला दिवे बंद. दिवसभरात सुमारे दहा तास बसणं. पहिले तीन दिवस आनापान, म्हणजे नाकाशी येणारा-जाणारा नैसर्गिक श्वास पाहणं. इथे आकडे मोजायचे नाहीत आणि नामही घ्यायचं नाही. चौथ्या दिवशी विपश्यना सुरू होते, अंगभर संवेदना पाहत जायचं. तेव्हापासून रोजच्या तीन सामूहिक बैठकांत तासभर हात-पाय न हलवता, डोळे न उघडता बसायचा निश्चय करायला सांगतात. मौन दहाव्या दिवशी सकाळपर्यंत. मोबाइल, पुस्तकं, लिहिण्याचं साहित्य जमा. दुपारच्या जेवणानंतर नवीन साधकांना संध्याकाळी ५ ला चहा-फळं, रात्रीचं जेवण नाही. शिबिर अकराव्या दिवशी सकाळी संपतं, त्यामुळे रजा काढताना पोचण्याचा दिवस धरून एकूण बारा दिवस धरा.

शिबिर नवख्यांसाठीच आखलेलं आहे, आधी ध्यान केलेलं असण्याची अट नाही. त्यामुळे मैत्रीण म्हणते ते चुकीचं नाही. नुसती तोंडओळख हवी असेल तर गोराईच्या ग्लोबल विपश्यना पॅगोडात आनापानाची छोटी, विनामूल्य सत्रं होतात.

सह्यवेडा:

अट नाही हे खरं, पण थेट जावं या मताशी मी सहमत नाही. मन तयार नसलं तरी तिथलं शिक्षण ते सांभाळून घेतं. शरीराची तयारी मात्र घरूनच करून जावी लागते. रोज वीस मिनिटंही मांडी घालायची सवय नसलेल्या माणसाचा दहा तासांत दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाठीशी झगडा सुरू होतो आणि शिकवणं कानावरून जातं. निदान दोन महिने रोज बसा, त्यात सलग ३० मिनिटं आरामात जमू द्या, मग अर्ज भरा. चहा-कॉफी जास्त असेल तर आठ-दहा दिवस आधीपासून कमी करत आणा, नाहीतर पहिले दोन दिवस डोकेदुखीत जातात.

पायवाट:

चहाचं बरोबर. पाठीबद्दल एवढंच म्हणेन की तिथे जादा उशा मिळतात, अडचण असेल तर खुर्चीही देतात. दोन महिने थांबायचं ठरवून दोन वर्षं न जाणारे पुष्कळ असतात, म्हणून अर्जाची तारीख आधी बघून ठेवा आणि तयारी त्या तारखेकडे बघत करा.

ओंजळ:

एक गोष्ट राहून जाऊ नये. मूळ प्रश्न विचारणाऱ्यांना लागू नाही, पण धागा इतरही वाचतील.

नैराश्य, तीव्र भीतीचे झटके, द्विध्रुवी (बायपोलर) आजार, भास-भ्रमाचा इतिहास किंवा एखाद्या आघाताच्या आठवणी उसळून येणं, यांपैकी काही असेल तर डोळे मिटून आत बघत बसणं हा पहिला मार्ग नव्हे. आधी मनोविकारतज्ज्ञांशी बोला. ध्यान सुरू केलं म्हणून गोळ्या स्वतःच्या मनाने कमी करू नका. हे इतक्या वेळा घडतं आणि इतकं महागात पडतं की कळकळीने सांगावंसं वाटतं. दीर्घ शिबिराच्या अर्जात मानसिक आजाराबद्दल विचारतात तिथे खरं लिहा. प्रवेश मिळणार नाही या भीतीने लपवणं धोक्याचं आहे.

घरी करताना बसल्यावर धडधड, घाम, जुनी आठवण जशीच्या तशी समोर येणं असं झालं तर "सहन करून बघू" असं करू नका. डोळे उघडा. खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्या. तळपाय जमिनीवर दाबा, गार पाण्याने हात धुवा. त्या दिवशी पुढे बसायचं नाही. नंतरही हेच होत राहिलं तर श्वासाऐवजी चालण्याचं ध्यान, तेही डोळे उघडे ठेवून, पाच मिनिटं. बोलायला कुणी नसेल तर केंद्र सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य चालते, मराठीतही बोलता येतं.

पिंपळपान:

छान धागा. वडील ७२ वर्षांचे, एका गुडघ्याचं सांधेरोपण झालेलं. त्यांना जमिनीवर बसता येत नाही. खुर्चीवर चालेल ना? की पलंगावर पडून करावं?

गवतीचहा:

खुर्चीच घ्या, पडून नको, झोप लागेल. सांधेरोपणानंतर डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय मांडीचा प्रयत्नही नको.

खुर्ची हात नसलेली, सपाट आणि कडक बैठकीची, स्वयंपाकघरातल्या जेवणाच्या टेबलाची असते तशी. प्लास्टिकची खुर्ची मागे उतरती असते, त्यात कंबर खचते. तीच वापरायची असेल तर बैठकीच्या मागच्या भागात चादरीची दोन इंची घडी घाला. बुडाची पातळी गुडघ्यांपेक्षा किंचित वर हवी. पावलं जमिनीवर पूर्ण टेकायला हवीत. पोचत नसतील तर इथे मात्र पाट उपयोगी: तो पावलांखाली ठेवा. पाय घोट्यांशी एकमेकांत अडकवायचे नाहीत. पाठीपासून मागची फळी चार बोटं लांब राहील इतकं पुढे बसा. तासभर बसून कमरेत थकवा येत असेल तर कमरेमागे टॉवेल चालेल. पण सुरुवातीला तासभर कशाला, पाच मिनिटं सकाळी आणि पाच संध्याकाळी अशी करू द्या.

संपल्यावर त्यांना झटकन उठू देऊ नका. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या वयस्कर माणसांना बराच वेळ बसून एकदम उभं राहिल्यावर अंधारी येऊ शकते. आधी डोळे उघडायचे, पावलं दहा-बारा वेळा वर-खाली करायची, खुर्चीच्या पाठीला किंवा टेबलाला हात लावून उभं राहायचं, आणि दोन श्वास थांबून मग पहिलं पाऊल.